ए, बी, सी, डी: इंग्लंडच्या तुरुंगातली चार अक्षरे

लंडनच्या वाचकांपैकी कुणी हॅमरस्मिथ हॉस्पिटलात नोकरीसाठी किंवा तपासणीसाठी गेले असेल, तर ड्यू केन रोड त्यांच्या पायाखालचा आहे. हॉस्पिटलच्या शेजारी दोन मनोऱ्यांचा जो दरवाजा दिसतो, तो वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगाचा. रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते सर एडमंड ड्यू केन हे लष्करी अभियंते. हा तुरुंग त्यांनीच आखला आणि कैद्यांकडूनच बांधून घेतला. 1877 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधले सगळे स्थानिक तुरुंग परगण्यांकडून काढून केंद्र सरकारच्या हाती दिले आणि ड्यू केन यांनी ते एका साच्यात बसवले. तेच जेवण, तेच काम, तेच मौन. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचा कारभार आजही वेगळा आहे. इथे बोलतो आहोत ते इंग्लंड-वेल्सबद्दलच.)

सगळे कैदी एका मालकाचे झाले, की प्रश्न येतो: कुणाला कुठे ठेवायचे? वर्गवारी म्हणजे या प्रश्नाचे उत्तर. पण मला त्या उत्तरापेक्षा त्यामागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ब्रिटिश राज्यकर्त्यांनी तो शंभर वर्षांत पार बदलला. बदलणारा माणूसही आपल्या ओळखीचाच निघतो.

आधी जुना प्रश्न. 1898 च्या कायद्याने साध्या कैदेचे तीन वर्ग केले आणि कोण कोणत्या वर्गात जाणार हे न्यायाधीश ठरवू लागला. पहिल्या वर्गात स्वतःचे कपडे, स्वतःच्या खर्चाने मागवलेले जेवण. तिसऱ्यात यातले काही नाही. आगगाडीच्या डब्यांसारखीच ही मांडणी. कैदी बाहेर कोण होता, हे आतही विसरायचे नाही. मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी आम्ही गुन्हेगार नाही, आम्हाला पहिला वर्ग द्या, असा आग्रह धरला. जुलै 1909 मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप या चित्रकार बाईंनी याच मागणीसाठी हॉलोवे तुरुंगात अन्न सोडले आणि 91 तासांनी सरकारने त्यांना सोडून दिले. तुरुंगातल्या वर्गासाठी उपोषण, ही कल्पना अशी लंडनमध्ये रुजली.

वीस वर्षांनी ती लाहोरच्या तुरुंगात दिसते. भगतसिंग, जतींद्रनाथ दास आणि त्यांचे सहकारी राजकीय कैद्यांसारखी वागणूक मागत होते. 63 दिवसांच्या उपोषणानंतर 13 सप्टेंबर 1929 ला दास गेले. सरकार हलले, पण आपल्या पद्धतीने. 'राजकीय कैदी' हा शब्द त्याने मान्य केलाच नाही. त्याऐवजी 1930 मध्ये ए, बी आणि सी असे तीन वर्ग काढले आणि कसोटी ठरवली ती सामाजिक प्रतिष्ठेची, शिक्षणाची आणि राहणीमानाची. म्हणजे एकाच सत्याग्रहात, एकाच कलमाखाली पकडलेल्या दोघांपैकी बॅरिस्टर 'ए' किंवा 'बी'मध्ये जाई आणि त्याच्या शेजारी उभा असलेला शेतकरी 'सी'मध्ये. आजोबा 'सी क्लास'मध्ये होते, हे ज्या मराठी घरांत अजून अभिमानाने सांगितले जाते, तिथे त्या अक्षरामागचा अपमान बहुधा विसरला गेला आहे. फोडा आणि झोडा हे आपण फार सहज म्हणतो, पण इथे ते शब्दशः लागू पडते.

आता परत ड्यू केन रोडवर येऊ. 22 ऑक्टोबर 1966, शनिवारची संध्याकाळ. जॉर्ज ब्लेक या ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या माणसाला रशियासाठी हेरगिरी केल्याबद्दल 1961 मध्ये 42 वर्षांची शिक्षा झाली होती. बरेचसे कैदी आठवड्याचा सिनेमा पाहत असताना तो वर्मवुड स्क्रब्जच्या खिडकीतून बाहेर पडला आणि भिंतीपाशी पोचला. पलीकडे हॉस्पिटलच्या बाजूच्या गल्लीत त्याचा तुरुंगातला जुना सोबती शॉन बर्क गाडी घेऊन उभा होता. त्याने दोराची शिडी भिंतीवरून आत फेकली. तिच्या पायऱ्या विणकामाच्या सुयांच्या होत्या! उडी मारताना ब्लेकचे मनगट मोडले, पण तो निसटला, पूर्व बर्लिनमार्गे मॉस्कोला गेला आणि 2020 मध्ये तिथेच वारला. त्याच्याआधी 1964 आणि 1965 मध्ये आगगाडी लुटणाऱ्या प्रसिद्ध टोळीतले चार्ली विल्सन आणि रॉनी बिग्ज हेही दोन वेगवेगळ्या तुरुंगांतून पळाले होते. सरकारची पुरती शोभा झाली.

गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी चौकशी सोपवली लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे. होय, तेच! दोन महिन्यांत त्यांचा अहवाल छापून तयार होता. (फाळणीलाही त्यांनी फार वेळ घेतला नव्हता.) त्यात त्यांनी चार वर्ग सुचवले आणि प्रत्येकाची कसोटी एकच ठेवली: हा माणूस पळाला तर काय होईल? ज्याचे पळणे जनतेला, पोलिसांना किंवा राज्याच्या सुरक्षिततेला अतिशय धोक्याचे, तो 'ए'. त्याचे पळणे अशक्य करून सोडायचे. ज्याचे पळणे फार कठीण करावे लागेल, तो 'बी'. उघड्यावर सोडता येत नाही, पण पळण्याची जिद्द आणि साधने ज्याच्याकडे नाहीत, तो 'सी'. आणि खुल्या तुरुंगात विश्वासाने ठेवता येईल तो 'डी'. अंदमानात सावरकरांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर 'डी' हे अक्षर 'डेंजरस' म्हणून होते. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा झाला.

या चार ओळी पुन्हा एकदा वाचा. जात, शिक्षण, राहणी गेली, हे चांगलेच झाले. पण गुन्हाही गेला, आणि सुधारणाही. धोक्याचा अंदाज घेताना गुन्हा आणि शिक्षेची मुदत बघतात हे खरे, तरी विचारायचा प्रश्न 'याने काय केले' किंवा 'हा कसा सुधारेल' हा नाही. राज्याला याचे पळणे किती महागात पडेल, एवढाच आहे.

माउंटबॅटन यांचा हिशेब मात्र निर्दय नव्हता. मोजक्या 'ए' कैद्यांना एकाच अभेद्य तुरुंगात ठेवा, म्हणजे बाकीच्यांवरची पकड सैल करता येईल, असे त्यांचे म्हणणे. जागा त्यांनी सुचवली आइल ऑफ वाइट. त्या बेटाचे गव्हर्नर तेव्हा तेच होते! पण 1968 मध्ये केंब्रिजचे गुन्हेशास्त्रज्ञ लिऑन रॅडझिनोविच यांच्या समितीने हे नाकारले. सगळे निराश, धोकादायक लोक एका जागी कोंडले तर तिथे स्फोट होईल, म्हणून त्यांना काही निवडक तुरुंगांत पांगवा, असा सल्ला तिने दिला. सरकारने तो मानला. वेकफिल्ड, फ्रँकलंड, फुल सटन, व्हाइटमूर, लाँग लार्टिन ही आजची नावे त्याच वाटेवरची. माझ्या मते इथे फसगत झाली. मूठभर 'ए' कैद्यांसाठी भिंती उंचावल्या आणि त्याच भिंतींच्या आत राहणाऱ्या शेकडो 'बी' कैद्यांचेही आयुष्य आवळले गेले. पकड सैल करण्यासाठी काढलेल्या अक्षरांनी ती अनेकांसाठी घट्टच केली. आणि पळणे थांबले असेही नाही. सप्टेंबर 1994 मध्ये व्हाइटमूरच्या खास सुरक्षित विभागातून सहा जण बाहेर पडले, जानेवारी 1995 मध्ये पार्कहर्स्टमधून तीन.

आजची रचना याच अक्षरांवर उभी आहे. न्यायालयाला सेवा देणारे स्थानिक तुरुंग बहुतेक 'बी' दर्जाचे, त्यामुळे कच्चा कैदीही सहसा तिथेच जातो. शिक्षा झाली की वर्गवारी होते, ठराविक काळाने फेरविचार होतो आणि माणूस 'सी', मग 'डी' असा दाराच्या जवळ सरकतो. स्त्रियांसाठी ही चार अक्षरे नाहीत. त्यांची मुख्य विभागणी बंद आणि खुला अशी आहे. 'ए'चा निर्णय तुरुंगाचा गव्हर्नर घेत नाही, मुख्यालय घेते. त्या कैद्याला भेटायला येणाऱ्या आईचीही आधी पोलिसांमार्फत चौकशी होते. आणि आपण 'ए'मध्ये का, याचे थोडक्यात कारण कळण्याचा हक्क कैद्याला मिळायला 1993 मधला न्यायालयाचा निकाल यावा लागला.

आपल्यासारख्यांना लागू पडणारी गोष्ट मात्र या अक्षरांच्या बाहेर आहे. 2007 च्या कायद्यानुसार बारा महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाची, काही अपवाद सोडले तर, हद्दपारी ठरलेलीच. इथे कायम राहण्याचा परवाना असला, मुले इथे जन्मली असली, तरी पासपोर्ट ब्रिटिश नसेल तर तो परदेशीच. हद्दपारीचा हुकूम निघाला आणि अपिले संपली, की 2014 पासून त्याला खुल्या तुरुंगात पाठवता येत नाही, मग त्याचे वर्तन कितीही चांगले असो. हंटरकोंब आणि मेडस्टोन हे दोन तुरुंग तर केवळ परदेशी नागरिकांसाठीच आहेत. तिथे ठेवलेल्यांच्या बाबतीत राज्य जो प्रश्न विचारते तो ड्यू केन यांचाही नाही, माउंटबॅटन यांचाही नाही. तो पासपोर्टचा आहे.