अरायव्हल
डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शित अमेरिकन विज्ञानपट (२०१६). टेड चँग यांच्या ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ (१९९८) या दीर्घकथेवर तो आधारलेला असून पटकथा एरिक हाइसरर यांची आहे. याचे मोल परग्रहवासीयांच्या आगमनात नसून भाषाविज्ञानाची कार्यपद्धती कथेचा कणा बनवण्यात आहे. परग्रहवासीयांना पृथ्वीवर येण्याचा हेतू विचारा, एवढेच लष्कराला हवे असते. भाषावैज्ञानिक लुईझ बँक्स (एमी अ‍ॅडम्स) तो प्रश्न फळ्यावर लिहून उलगडते: प्रश्न म्हणजे काय, ‘तुम्ही’ एक की अनेक, हे समोरच्याला उमगल्याखेरीज उत्तर निरुपयोगी ठरेल. म्हणून ती ‘माणूस’ या शब्दापासून आणि स्वतःच्या नावापासून सुरुवात करते. परग्रहवासीयांची वर्तुळाकार लिपीही ती अशीच टप्प्याटप्प्याने उकलते. अपरिचित भाषेची क्षेत्रीय नोंद करणारे अभ्यासकही सोप्याकडून अवघडाकडे जातात.

परग्रहवासीयांची भाषा शिकल्याने लुईझला भविष्य दिसू लागते, हे भाषा विचाराला घडवते असे मानणाऱ्या सपीर-व्होर्फ गृहीतकाचे अतिरंजित रूप असल्याचा आक्षेप रास्त आहे. भाषा विचाराला पूर्णपणे बांधून टाकते, हे मत बहुतेक भाषावैज्ञानिकांना मान्य नाही. मात्र भविष्य दिसणे ही कथेतील कल्पना आहे. संवाद उभारण्याची रीत तिच्यावर विसंबून नाही, त्यामुळे त्या दृश्यांची विश्वासार्हता टिकते. आठ ऑस्कर नामांकनांपैकी ध्वनिसंकलनाचा पुरस्कार चित्रपटास मिळाला.