आकाशातील साक्षीदार

इतिहास म्हटला की आपल्यापुढे गडकिल्ले, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. परंतु हवेलाही इतिहास असतो आणि त्यालाही साक्षीपुराव्याचे नियम लागू असतात, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

धूळ, धूर, समुद्राचे मीठ, गंधकयुक्त कण असे जे हवेत तरंगत असते, त्यास शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. त्यांमुळे जमिनीवर पडणारे ऊन कमीअधिक होते, ढगांची घडण बदलते, आणि श्वासावाटे ते आपल्या फुप्फुसांत शिरतात. तेव्हा त्यांचे प्रमाण वाढत आहे की घटत आहे, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

त्यांचे माप म्हणजे 'प्रकाशीय जाडी'. सूर्य डोक्यावर असताना ही जाडी 1 भरली, तर या कणांतून शंभरापैकी सुमारे 37 हिस्से प्रकाशच सरळ खाली पोहोचतो. जमिनीवरून हे मोजणे त्या मानाने सोपे. यंत्र सूर्याकडे रोखले की झाले. उपग्रहाचे काम बिकट आहे. त्याला वरून दिसतो तो परतलेला प्रकाश. त्यातला जमिनीचा वाटा किती आणि कणांचा किती, हे अनुमानाने वेगळे काढावे लागते. काळ्याशार समुद्रावर ही निवड साधते. चकाकत्या वाळवंटावर ती फार अवघड होते.

हे काम प्रथम अंगावर पडले ते हवामानाच्या उपग्रहांवरील एव्हीएचआरआर या यंत्राच्या. 1978 साली ते प्रथम आकाशात गेले, आणि समुद्रावरील कणांची दीर्घ नोंद 1981 पासूनची मिळते. पण दृश्य प्रकाशाचे माप तपासून घेण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. शिवाय उपग्रहाची फेरीची वेळ वर्षानुवर्षे पुढे सरकत असे. मग संशोधकांनी लिबियाच्या वाळवंटासारखा, फारसा न बदलणारा प्रदेशच ताजव्यातले वजन म्हणून वापरला.

डिसेंबर 1999 मध्ये टेरा आणि मे 2002 मध्ये अॅक्वा हे उपग्रह सुटले. दोहोंवर मोडिस नावाचे एकाच घडणीचे यंत्र होते. एक सकाळी साडेदहाच्या सुमारास विषुववृत्त ओलांडी, तर दुसरा दुपारी दीडच्या सुमारास. ही जुळी भावंडे एकच साक्ष देतील, असे कोणालाही वाटावे. परंतु काही वर्षांनी टेराची नोंद सांगू लागली की जमिनीवरील कण कमी होत चालले आहेत. अॅक्वा तसे म्हणेना!

खरे कोण? हवा बदलली होती की यंत्र? येथे तिसऱ्या साक्षीदाराची गरज लागली. अमेरिकेतील गोडार्ड केंद्राच्या ब्रेंट होल्बेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात सूर्यमापक यंत्रांचे जगभर जाळे उभारले होते. एरोनेट हे त्याचे नाव. या यंत्रांचीही कोणी आंधळी भीड धरीत नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआच्या निर्मळ हवेत ज्यांचे माप बांधले, अशा प्रमुख यंत्रांशी ती वेळोवेळी ताडून घेतात. या कसोटीस लावता टेराची चूक उघडी पडली. तिचे यंत्र, विशेषतः निळ्या प्रकाशापुरते, वयोमानाने मंदावले होते. ज्या पट्टीवर सूर्यप्रकाश घेऊन माप तपासावयाचे, ती पट्टीही उन्हानेच झिजत होती. पुढे सारी नोंद नव्या मापाने पुन्हा मांडली, तेव्हा ही खोटी घट बव्हंशी नाहीशी झाली. तरी दोघांत थोडे अंतर उरलेच.

क्षणभर विचार करावा. अॅक्वा नसती, जमिनीवरचे जाळे नसते, तर आपण यंत्राच्या म्हातारपणाला हवेची शुद्धी समजून बसलो असतो.

1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान दिला. कारण एकच: सांगणारा कोण, त्याने केव्हा आणि काय पाहून लिहिले, हे पारखल्यावाचून साक्ष ग्राह्य धरू नये. त्याच पुण्यात, उष्णदेशीय हवामान संस्थेत, 2004 पासून एरोनेटचे केंद्र झाले. राजवाड्यांचे कागद आणि हे सूर्यमापक यांत आम्हांस एक नाते दिसते.

2011 साली व्हीआयआयआरएस हे नवे यंत्र आकाशात गेले. जुन्याची नोंद नव्याशी सांधावयाची, तर दोघांनी काही काळ एकच आकाश पाहिले पाहिजे. नाहीतर इतिहासाचा धागा तुटतो. म्हणून पुढे कोणी हवा सुधारली किंवा बिघडली असा आकडा आपल्यापुढे टाकील, तेव्हा आपण नम्रपणे एवढेच विचारावे: हे माप कोणाचे, आणि ते कशाशी ताडून पाहिले आहे?