द्विदल झडपेचे संकोचन : कारणशोधाचा इतिहास

हृदयाच्या डाव्या अलिंदातून डाव्या निलयात रक्त ज्या द्वारातून उतरते, त्यास दोन पाळ्यांची एक झडप असते. तिला द्विदल झडप म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात हे द्वार पूर्ण उघडले असता त्याचे क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर भरते. पाळ्यांच्या कडा एकमेकींस चिकटून, त्यांना धरून ठेवणारे तंतू जाड व आखूड होऊन हे द्वार दीड चौरस सेंटिमीटरच्या आत आले म्हणजे रक्त मागे फुप्फुसात तुंबते, रोग्यास जिना चढवत नाही, पुढे रात्री आडवे होणेही अवघड होते. हा विकार शवविच्छेदकांच्या दृष्टीस सतराव्या शतकातच पडला होता. तो कशामुळे होतो हे समजण्यास मात्र त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे लागली. हा विलंब केवळ साधनांच्या अभावी झाला असे सामान्यतः समजतात. प्रस्तुत लेखकास ते पुरेसे वाटत नाही. कारणाचा शोध कोठे करावयाचा, मृताच्या झडपेत, जिवंत रोग्याच्या पूर्वायुष्यात की नकाशावर, ह्याविषयीच्या समजुतींचा ह्या विलंबात मोठा वाटा आहे.

इंग्लंडमध्ये जॉन मेयो यांनी १६६० नंतरच्या दशकात एका तरुणाच्या हृदयातील अरुंद झालेल्या द्वाराचे वर्णन केले. माँपेल्येचे रेमाँ व्ह्यूसाँ यांच्या १७१५ मधील ग्रंथात एका औषधविक्रेत्याच्या हृदयाचे वर्णन आहे. झडप हाडासारखी कठीण झालेली आणि तिचे मुख लांबट व फार लहान झालेले त्यांना आढळले. व्ह्यूसाँ यांचे वैशिष्ट्य असे की, फुप्फुसातील रक्तसंचय व क्षीण नाडी ही लक्षणे त्या अरुंद मुखाशी त्यांनी बरोबर जोडून दाखविली. म्हणजे विकाराचे परिणाम उलगडले होते. पण झडप कठीण का झाली, ह्या प्रश्नास शवागारात उत्तर नव्हते. रोगाचा आरंभ आणि मृत्यू यांत वर्षांनुवर्षांचे अंतर असते, व विच्छेदकाच्या हाती येतो तो केवळ शेवटचा व्रण. जुन्या वाड्याची पडकी भिंत पाहून ती पावसाने पडली की भूकंपाने, हे सांगण्यासारखेच ते होते.

व्रणावरून कारण वाचू पाहिल्यास काय घडते, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे नेपोलियनचे वैद्य झाँ-निकोला कॉर्व्हिसार. १८०६ च्या त्यांच्या ग्रंथात द्विदल संकोचनाच्या रोग्याच्या छातीवर हात ठेवला असता जाणवणाऱ्या कंपनाचे वर्णन आहे आणि ते आजही निर्दोष मानले जाते. परंतु झडपांवर उगवणाऱ्या चामखिळीसारख्या वाढी त्यांना उपदंशातील चामखिळींसारख्या दिसल्या, आणि त्या साम्यावरून त्यांनी उपदंशाकडे बोट दाखविले. बोटांची इतकी सूक्ष्म जाण असलेला हा चिकित्सक डोळ्यांना दिसलेल्या साम्यास फसला.

खरा दुवा प्रथम सापडला तो रोग्यांस पुनःपुन्हा पाहणाऱ्यांना. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डेव्हिड पिटकेर्न यांच्या लक्षात १७८८ च्या सुमारास आले की, सांध्यांच्या तीव्र ज्वराने एकदा आजारी पडलेल्या माणसांत पुढे हृदयविकार इतरांपेक्षा अधिक आढळतो. त्यांनी स्वतः हे लिहून प्रसिद्ध केले नाही. मॅथ्यू बेली यांनी आपल्या विकृतिशास्त्रावरील ग्रंथाच्या १७९७ मधील दुसऱ्या आवृत्तीत त्याचा उल्लेख केला म्हणून ते टिकले. त्याच सुमारास, जुलै १७८९ मध्ये, ग्लॉस्टरशरमधील वैद्यांच्या एका छोट्या मंडळात एडवर्ड जेन्नर यांनी तीव्र संधिवातानंतर होणाऱ्या हृदयविकारावर निबंध वाचला. तो निबंध नष्ट झाला; राहिले ते केवळ त्याचे शीर्षक. देवीच्या लसीमुळे ज्यांचे नाव जगभर झाले, त्यांचे हे दुसरे निरीक्षण एका खेड्यातील खाणावळीत भरणाऱ्या बैठकीपलीकडे पोहोचले नाही. पुढे १८१२ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी अशा रोग्यांचे वृत्तांत एकत्र करून छापले.

ह्या विखुरलेल्या निरीक्षणांस सिद्धांताचे रूप दिले ते पॅरिसच्या झाँ-बाप्तिस्त बुयो यांनी. लेनेक यांचा स्टेथॉस्कोप १८१९ पासून चिकित्सकांच्या हाती आला होता. बुयो यांनी सांधे सुजलेल्या प्रत्येक रोग्याच्या हृदयाचे ध्वनी नेमाने ऐकण्यास आरंभ केला, आणि १८३५-३६ मध्ये असे प्रतिपादले की, तीव्र व व्यापक संधिज्वरात हृदयास इजा होणे हा अपवाद नसून नियम आहे. हृदयाच्या आतील अस्तराच्या दाहास 'एंडोकार्डायटिस' हे नावही त्यांचेच. निष्कर्ष अचूक असूनही उपचार मात्र घातक होता, कारण दाह शमविण्यासाठी ते लागोपाठ रक्त काढीत. वैद्यकाच्या इतिहासात कारणाचे ज्ञान आणि रोग्याचे हित नेहमी बरोबरीने चालत नाहीत, हे येथे लक्षात येते.

तरीही एक अडचण उरलीच. द्विदल संकोचन असलेल्या अनेक रोग्यांना, विशेषतः स्त्रियांना, सांधे कधी सुजल्याचे आठवतच नसे. मग त्यांच्या झडपा कशाने बिघडल्या? ह्याचे उत्तर वॉल्टर चीडल यांच्या १८८९ मधील व्याख्यानांत मिळते. प्रौढांत सांध्यांचा ज्वर ठळक असतो, पण मुलांत सांधेदुखी किरकोळ असून हृदयावरील आघातच मुख्य असू शकतो. त्याच्या जोडीला कधी त्वचेखालील गाठी, कधी हातापायांच्या अनैच्छिक हालचाली दिसतात, असे त्यांनी दाखविले. वाढत्या वयाची कळ म्हणून घरात दुर्लक्षिलेली गुडघेदुखी पंधरा-वीस वर्षांनी धाप होऊन परत येते. रोग बालपणीचा आणि तक्रार तारुण्यातली, असा हा काळाचा पडदा होता.

१९०४ साली लुडविग आशॉफ यांनी संधिज्वराने मेलेल्यांच्या हृदयस्नायूत विशिष्ट सूक्ष्म गाठी दाखविल्या, आणि विकृतिशास्त्रज्ञांस प्रथमच हाती धरण्याजोगी खूण मिळाली. खूण मिळाल्यावर अतिरेकही झाला. शेजारच्या महारोहिणी झडपेच्या संकोचनाची कथा ह्या दृष्टीने बोलकी आहे. त्याच १९०४ साली योहान गेओर्ग म्योंकेबेर्ग यांनी असे मांडले होते की, महारोहिणी झडपेतील चुन्याचे थर काही वेळा दाहाविना, झिजेतूनही जमू शकतात. परंतु १९४७ मध्ये कार्सनर व कोलेट्स्की यांनी पुष्कळ हृदये तपासून जवळजवळ सर्वच प्रकार संधिज्वराच्या पदरी टाकले. ऑस्लर यांनी १८८६ मध्ये वर्णिलेली, जन्मतः तीनऐवजी दोनच पाळ्या असलेली महारोहिणी झडप हे अशा संकोचनाचे एक प्रमुख कारण आहे, हे सर्वमान्य होण्यास १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. त्यानंतर चुन्याचा थर ही निव्वळ झीज नसून पेशींची सक्रिय प्रक्रिया आहे असे दिसून आले. तेव्हा रोहिणीकाठिण्यावरील औषधे येथेही लागू पडतील अशी आशा निर्माण झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल उतरवूनही संकोचन थांबले नाही. २०१३ मध्ये लायपोप्रोटीन-ए ह्या रक्तघटकाच्या जनुकाशी ह्या विकाराचा संबंध आढळला, तो शोध अद्याप चालू आहे. एकाच हृदयातील दोन झडपा, अंती दोहोंचे मुख सारखेच अरुंद, आणि कारणे इतकी निराळी!

द्विदल झडपेकडे परत येऊ. संधिज्वराच्या मुळाशी जंतू असावा हा तर्क जुना होता. पॉयंटन व पेन यांनी १९०० मध्ये तो सापडल्याचेही जाहीर केले होते. पण रोग्याच्या सांध्यातून वा झडपेतून तो जंतू इतरांना भरवशाने मिळेना. मिळणार तरी कसा? तो तेथे नव्हताच. १९३० मध्ये लंडनच्या ग्लोव्हर यांनी शाळा व बराकींसारख्या दाटीच्या जागी घशाच्या साथीमागोमाग संधिज्वर येतो हे आकड्यांनी दाखविले. १९३१ मध्ये लंडनला कॉलिस व न्यूयॉर्कला कोबर्न यांनी स्वतंत्रपणे मालागोलाणूंमुळे होणारा घशाचा दाह आणि दोन-तीन आठवड्यांनी येणारा ज्वर यांची साखळी जुळविली. १९३२ मध्ये टॉड यांनी रक्तातील प्रतिपिंड मोजण्याची रीत दिल्यामुळे घसा बरा झाल्यावरही त्या संसर्गाची साक्ष काढता येऊ लागली. जंतू घशातच राहतो. त्याच्याविरुद्ध शरीराने उभारलेला प्रतिकार हृदयाच्या ऊतकांवर उलटतो, ह्या कल्पनेस १९६० नंतर कॅप्लन यांच्या प्रयोगांनी पुष्टी मिळाली. निर्णायक पुरावा मात्र त्याआधीच अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील एका लष्करी तळावर मिळाला होता. घसा दुखणाऱ्या सैनिकांपैकी ७९८ जणांना पेनिसिलीन दिले, ८०४ जणांना दिले नाही. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटात संधिज्वर दोघांना झाला, दुसऱ्यात सतरा जणांना.

येथे कारणशोधाचा इतिहास संपावयास हवा होता. तसा तो संपला नाही, आणि ह्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. संधिज्वर हा थंड व दमट हवेचा रोग आहे, उष्ण कटिबंधात तो नाही, अशी समजूत इंग्रजी वैद्यकात दृढ होती. मलायात काम केलेल्या टर्शियस क्लार्क यांनी १९३० मध्ये तिचा जोरदार पुरस्कार केला. कोबर्न यांनीही आपल्या काही बालरुग्णांना पोर्तो रिको बेटावर नेले असता ते सुधारले व परतल्यावर पुन्हा आजारी पडले, म्हणून ह्या समजुतीस अधिकच बळ मिळाले. वस्तुतः त्याच दशकात पंजाब, लखनौ व मद्रास येथील चिकित्सक आपल्या रुग्णालयांतील द्विदल संकोचनाचे वृत्तांत प्रसिद्ध करीत होते. पण जो रोग येथे नाहीच, त्याचा व्रण येथे कसा असेल? ताप असलेल्या मुलास हिवताप वा विषमज्वर ठरविणे सोपे होते, आणि सांधे फार न सुजणाऱ्या मुलांच्या बाबतीत चीडल यांचा इशारा कोणास आठवत नसे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजॉय रॉय, भाटिया, लाझारो व रामलिंगस्वामी यांचा निबंध १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा चित्र उलटेच निघाले. वीस वर्षांच्या आतील मुलामुलींत द्विदल झडप पूर्ण चिकटून गेलेली आणि फुप्फुसांतील रक्तदाब अतिशय वाढलेला त्यांना आढळला. युरोपात जे घडण्यास सुमारे दोन दशके लागत, ते येथे काही थोड्या वर्षांत घडत होते. वारंवार होणारा घशाचा संसर्ग, दाटीची घरे व पेनिसिलीनचा अभाव ह्यांकडे त्याचे कारण जाते. हवामानाचा सिद्धांत ह्यापुढे टिकण्याजोगा राहिला नाही. किंबहुना युरोपात रोग ओसरला तो पेनिसिलीन येण्याच्या कितीतरी आधीपासून, घरांतील दाटी कमी होत गेली तेव्हा. हवा तीच होती. उष्ण देशांचा म्हणून ज्यास नाकारले, तो रोग प्रत्यक्षात दारिद्र्याचा होता, आणि नाकारण्याची किंमत शाळकरी वयाच्या मुलांनी दिली.

२०१५ साली जगात संधिज्वरजन्य हृदयविकाराचे सुमारे ३ कोटी ३४ लाख रोगी असल्याचा अंदाज आहे, आणि जागतिक आरोग्य परिषदेने ह्या विकारावर ठराव केला तो २०१८ मध्ये. दरम्यान बुयो यांच्या कानाची मर्यादाही उघड झाली आहे. कंबोडिया व मोझांबिक येथील शाळकरी मुलांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी पाहता, स्टेथॉस्कोपने जितकी मुले सापडली त्याच्या सुमारे दसपट प्रतिध्वनीचित्रणाने सापडली. त्यांच्या झडपा बिघडू लागल्या होत्या, ध्वनी अद्याप बदलला नव्हता. अशाच सुप्त अवस्थेतील युगांडामधील मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दर महिन्यास पेनिसिलीनची सुई घेणाऱ्या ३९९ मुलांपैकी तिघांचा विकार दोन वर्षांत वाढला. सुई न घेणाऱ्या ४०० पैकी ३३ जणांचा.