मण कोणता, खंडी कोणती?

रायगडावरील सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते, असे सभासद बखर सांगते. राज्याभिषेक दिन जवळ आला की या बत्तीस मणांचे किलो करण्याची चढाओढ समाजमाध्यमांवर सुरू होते. त्यातले सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे १२८० किलो. मण म्हणजे चाळीस किलो, गुणिले बत्तीस, विषय संपला! हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकले हे समजून घेण्यासाठी हा धागा.

आपण ज्याला सहज ‘मण’ म्हणतो तो चाळीस किलोंचा नसून चाळीस शेरांचा. १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण, म्हणजे ३७.३२ किलो. पण या मोजणीचा पाया असलेला १८० ग्रेनचा तोळा कंपनी सरकारने ठरवला १८३३ मध्ये, आणि राज्याभिषेक आहे १६७४ चा. मधल्या १५९ वर्षांचे काय करायचे?

मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा. तो धरला तर सिंहासन ४०६ किलोंचे होते. सुरतेचा मण ३७⅓ पौंडांचा. त्याने ५४२ किलो. २४ तोळ्यांचा शेर आणि १६ शेरांचा मण धरणारेही आहेत. त्यांच्या हिशेबाने जेमतेम १४३ किलो. कंपनीच्या मणाने मात्र ११९४ किलो. एकाच वाक्याची उत्तरे आठपट अंतरावर! बखरीत मण कोणता ते लिहिलेले नाही. माझ्या मते अशा ठिकाणी आकडा मणांतच ठेवावा. किलो लिहायचेच असतील तर कोणता मण धरला हे शेजारी लिहावे.

वीस मणांची एक खंडी, हे कोष्टक सर्वत्र सारखेच वाटते. पण मुंबईची साधी खंडी ५६० पौंडांची, तर त्याच मुंबईत कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती. ७८४ पौंड म्हणजे बरोबर २१ सुरती मण. ही कापसाची खंडी अजून जिवंत आहे: बाजारभावाच्या बातमीत कापसाचा ‘खंडीचा दर’ येतो तो सुमारे ३५६ किलोंचा. (शेळ्यामेंढ्यांच्या गणतीत मात्र खंडी म्हणजे नुसते वीस नग.)

हे झाले वजनाचे मण. आमच्या रत्नागिरीच्या जुन्या कागदांत गुंता आणखी निराळा आहे, कारण येथील भाताचा मण बहुधा तराजूवर चढतच नसे. तो मापाचा मण. चार शेरांची पायली, काही ठिकाणी बारा तर काही ठिकाणी सोळा पायलींचा मण, आणि वीस मणांची खंडी. म्हणजे एका जागी खंडीत २४० पायली, दुसऱ्या जागी ३२०. शिवाय पायली वजन सांगत नाही, जागा सांगते. टरफलासकट भाताची पायली हलकी, सडलेल्या तांदळाची जड. त्यामुळे ‘एक पायली म्हणजे किती किलो’ या प्रश्नाला ‘कशाची?’ हा प्रतिप्रश्न अटळ आहे.

त्यातही माप भरायचे कसे, हा वाद उरतोच. काठाबरोबर हात फिरवून सपाट, की वर धान्याचा निमुळता ढीग ठेवून? त्या ढिगाला ‘शीग’ म्हणतात. उत्कंठा शिगेला पोहोचते ती हीच शीग.

शीग कोणाच्या पदरात पडते, हा कोकणात पोटाचा प्रश्न होता. खोतीच्या गावांत कूळ खोताला धान्य देई. अर्धेलीचा करार असेल, म्हणजे निम्मे पीक द्यायचे असेल, तर पायली लहान की मोठी याने फरक पडत नाही. दोन्ही हिस्से त्याच मापाने मोजले की झाले. पण मक्ता ठरावीक असेल, समजा सालाचे दोन खंडी भात, तर सारा खेळ मापाचा. बारा पायलींच्या मणाने ते ४८० पायली होते, सोळाच्या मणाने ६४०. कागदावर अक्षरही न बदलता कुळाच्या घरातून १६० पायली भात जाते, आणि प्रत्येक पायलीवरची शीग वेगळीच.

म्हणूनच खोतीचा इतिहास वाचताना कायद्यांच्या तारखांवर थांबू नये, असे मला वाटते. १८८० चा खोती कायदा, १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा: या टप्प्यांच्या खाली खळ्यावरची पायली आहे. मापे सरकारी रीतीने एकसारखी करण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९३२ मध्ये झाला, आणि किलो-लिटर आले १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने.

मोडी कागद वाचणाऱ्यांसाठी एक खूण. धान्याच्या आकड्याजवळ ‘कैली’ हा शब्द आहे का ते आधी पाहा. कैली म्हणजे मापाने मोजलेले. पुष्कळदा कारकुनाने ही तसदी घेतलेली असते आणि आपणच घाईत ती ओळ ओलांडून गुणाकाराला बसतो. कैली दिसले की किलोंचा नाद सोडावा आणि त्या गावचा मण किती पायलींचा होता, ते त्याच दप्तरातील इतर कागदांत शोधावे.