त्रिपदीचे अवयव कसे पाडायचे? ‘गुणाकार आणि बेरीज’ची युक्ती नेमकी काय आहे?

महाराष्ट्र बोर्डाच्या आठवीच्या पुस्तकात ‘वर्ग त्रिपदीचे अवयव’ पहिल्यांदा भेटतात आणि दहावीत वर्गसमीकरणं सोडवताना पुन्हा समोर येतात. पद्धत पाठ असते, पण ती का चालते हे अनेकांना माहीत नसतं.

त्रिपदी म्हणजे काय?

तीन पदांची राशी. उदाहरणार्थ, क्ष² + ७क्ष + १२. अवयव पाडायचे म्हणजे ही राशी दोन कंसांच्या गुणाकारात लिहायची.

युक्ती कुठून आली?

(क्ष + ३)(क्ष + ४) हा गुणाकार करून पाहा. क्ष² + ४क्ष + ३क्ष + १२ मिळतात. मधल्या पदात ३ आणि ४ यांची बेरीज आली, शेवटी त्यांचा गुणाकार. अवयव पाडताना हाच प्रवास उलटा करायचा.

१२ च्या जोड्या लिहा: १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. बेरीज ७ फक्त शेवटच्या जोडीची. म्हणून उत्तर (क्ष + ३)(क्ष + ४).

चिन्हांचं काय?

शेवटचं पद अधिक असेल, तर दोन्ही संख्यांचं चिन्ह सारखं, मधल्या पदाचं. शेवटचं पद उणे असेल, तर चिन्हं विरुद्ध आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह.

समजा, एका प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे. रुंदी क्ष मानली तर क्ष² + ५क्ष − ८४ = ०. गुणाकार −८४ आणि बेरीज ५ असणाऱ्या संख्या १२ आणि −७. म्हणजे (क्ष + १२)(क्ष − ७) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे एक कंस तरी शून्य. रुंदी उणे नसते, म्हणून ती ७ मीटर आणि लांबी १२ मीटर.

क्ष² ला सहगुणक असेल तर?

२क्ष² + ७क्ष + ३ घ्या. आधी पहिला सहगुणक आणि शेवटची संख्या गुणा: २ × ३ = ६. गुणाकार ६ आणि बेरीज ७ असणाऱ्या संख्या ६ आणि १. आता मधलं पद फोडा:

२क्ष² + ६क्ष + क्ष + ३
= २क्ष(क्ष + ३) + १(क्ष + ३)
= (क्ष + ३)(२क्ष + १)

जोडी सापडतच नसेल तर?

प्रत्येक त्रिपदीचे पूर्णांकी अवयव पडत नाहीत. मधल्या सहगुणकाच्या वर्गातून, पहिला सहगुणक आणि शेवटची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट वजा करा. उत्तर पूर्ण वर्ग नसेल, तर जोडी शोधण्यात वेळ घालवू नका. क्ष² + ५क्ष + ३ मध्ये २५ − १२ = १३ येतात, म्हणजे जोडी नाहीच. समीकरण असेल तर थेट सूत्र वापरा.

उत्तर कसं तपासायचं?

क्ष च्या जागी १ ठेवा. पहिल्या उदाहरणात १ + ७ + १२ = २० आणि ४ × ५ = २०. दोन्हीकडे वेगळी संख्या आली, तर नक्की कुठेतरी चुकलंय. पूर्ण खात्रीसाठी कंस गुणून पाहा. परीक्षेत एवढं करायला अर्धं मिनिटही लागत नाही.