ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल : पातळीची तपासणी आणि भरणा

क्लचचे पेडल नसलेल्या मोटारी आता शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. वाहतूक कोंडीत डाव्या पायाला मिळणारा आराम हे त्यामागील प्रमुख कारण होय. तथापि, इंजिन ऑइल, कूलंट आणि टायरमधील हवा न चुकता तपासणारे वाहनधारकही ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाकडे बहुधा दुर्लक्ष करतात. या तेलाची पातळी घटत गेल्यास प्रथम गिअर पडण्यास विलंब होतो आणि अखेरीस संपूर्ण गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करण्याची वेळ येते. हा खर्च तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

तेलाचे कार्य

मॅन्युअल गिअरबॉक्समधील तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलावर, म्हणजेच 'एटीएफ'वर, याहून अधिक जबाबदाऱ्या असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती याच तेलाच्या माध्यमातून पुढे जाते. पंपाने निर्माण केलेल्या तेलाच्या दाबावर गिअरबॉक्समधील क्लच आवळले जातात आणि गिअर बदलतो. उष्णता वाहून नेण्याचे कामही तेच करते.

जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल मोटारींसाठी 'हायड्रा-मॅटिक' हा गिअरबॉक्स बाजारात आणला आणि पूर्णतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू झाले. अशा गिअरबॉक्ससाठी खास तेलाची गरज भासल्याने १९४९ मध्ये त्याच कंपनीने 'टाइप ए' हे मानक ठरविले. १९६७ मध्ये 'डेक्स्रॉन' आले. आज बहुतेक कंपन्यांची स्वतंत्र मानके आहेत. गळती झाल्यास हे तेल इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे, म्हणून त्यात सहसा लाल रंग मिसळलेला असतो.

गाडीचा प्रकार आधी ओळखावा

ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली चार भिन्न रचना विकल्या जातात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक गिअरबॉक्सला एटीएफ लागते. सीव्हीटीमध्ये पट्टा व कप्प्यांची रचना असल्याने तिचे तेल वेगळे असते. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेलही निराळे असते. भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून लोकप्रिय झालेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असते. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्रणा करते. त्यामुळे तिला साधे गिअर ऑइल लागते. एका प्रकारचे तेल दुसऱ्यात भरल्यास क्लच घसरणे किंवा पट्टा खराब होणे असे गंभीर दोष उद्भवतात. म्हणूनच मालकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले मानक पाहिल्याशिवाय कोणतेही तेल भरू नये.

तपासणीची पद्धत

पुढील पद्धत डिपस्टिक असलेल्या पारंपरिक गिअरबॉक्ससाठी आहे. तेल तापल्यावर प्रसरण पावते, त्यामुळे थंड तेलाची पातळी कमी दिसते. हे लक्षात घेऊन गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून मगच तपासणी करावी. मात्र घाट चढून आल्यावर किंवा भर उन्हात दीर्घकाळ कोंडीत अडकल्यावर अर्धा तास थांबणे इष्ट.

१. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन चालू ठेवावे.

२. ब्रेकचे पेडल दाबून धरावे आणि गिअरचा दांडा 'पी', 'आर', 'एन', 'डी' अशा प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवून पुन्हा 'पी'वर आणावा. त्यामुळे सर्व मार्गांत तेल भरते.

३. बॉनेट उघडून गिअरबॉक्सची डिपस्टिक बाहेर काढावी. इंजिन ऑइलची डिपस्टिक वेगळी असते; त्यांत गल्लत होऊ देऊ नये. फिरता पंखा व पट्टे यांपासून ओढणी, सैल बाह्या दूर ठेवाव्यात.

४. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने डिपस्टिक पुसून पूर्ण आत घालावी व पुन्हा काढून पातळी पाहावी. तेल 'हॉट' असे लिहिलेल्या दोन खुणांच्या दरम्यान असावे.

या पद्धतीलाही अपवाद आहेत. होंडाच्या डिपस्टिक असलेल्या अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत पातळी पाहावी लागते, तर काही कंपन्या दांडा 'एन'वर ठेवण्यास सांगतात. येथेही माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

रंग व वास

स्वच्छ तेल लालसर व पारदर्शक असते. वापराने ते काहीसे गडद होणे स्वाभाविक आहे. मात्र तेल काळपट तपकिरी असून जळका वास येत असेल, तर आतील क्लच झिजल्याची शक्यता असते. तेल दुधाळ गुलाबी दिसल्यास त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याचे समजावे. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटल्यास असे घडते. अशा वेळी गाडी न चालविता थेट गॅरेजमध्ये ओढून न्यावी. ओढताना फिरणारी चाके जमिनीवर टेकवू नयेत.

भरणा

डिपस्टिकच्याच नळीत लांब तोंडाचे स्वच्छ नरसाळे बसवून तेल भरता येते. दोन खुणांमधील फरक अनेक गाड्यांत अर्धा लिटर वा त्याहूनही कमी असतो. म्हणून एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर तेल ओतावे, दांडा पुन्हा सर्व स्थानांवरून फिरवावा आणि पातळी पाहावी. तेल अधिक झाले तर बरे, हा समज चुकीचा आहे. जादा तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते, दाब घटतो आणि तेल कमी असताना दिसणारीच लक्षणे दिसू लागतात.

अलीकडील बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नसते. त्यांत गाडी लिफ्टवर आडव्या पातळीत उचलून, निदानयंत्राने तेलाचे तापमान पाहून तळाशी असलेला बूच उघडावा लागतो. अनेक गिअरबॉक्ससाठी हे तापमान साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असते. बुचातून बारीक धार आली की पातळी योग्य मानतात. हे काम घरी करण्याजोगे नाही.

तेल गेले कोठे?

इंजिन ऑइल थोडेफार जळून कमी होऊ शकते. एटीएफ मात्र जळून जात नाही. त्यामुळे गिअरबॉक्समधील पातळी घटली असेल, तर कोठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ होतो. ऑइल पॅनचे गॅस्केट, ॲक्सलची सील आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवल्यास सकाळी डाग कोठे पडला हे कळते. काही कूलंटही लाल असतात. बोटाला बुळबुळीत व तेलकट लागणारे ते एटीएफ. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही असेच तेल असते, त्यामुळे डागाची जागा पाहणे महत्त्वाचे ठरते.

तेल भरल्यावर तारीख, किलोमीटरची नोंद आणि भरलेले प्रमाण लिहून ठेवावे. पुढील तपासणीत पातळी पुन्हा खाली गेलेली आढळल्यास आणखी तेल न ओतता गळती दुरुस्त करून घ्यावी. किरकोळ सील वा गॅस्केट वेळीच बदलल्यास गिअरबॉक्स उघडण्याची वेळ टळू शकते. 'डी' किंवा 'आर'मध्ये गाडी उशिरा हलणे, इंजिनाचा वेग वाढूनही गाडीचा वेग न वाढणे, गिअर बदलताना झटका बसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.