जयसिंहाची तक्रार

जयपूरचा राजा सवाई जयसिंह याने वेध घेण्याच्या पितळी यंत्रांबद्दल लिहून ठेवलेली तक्रार कुठल्याही टूलरूममधल्या फिटरला वाचताक्षणी पटेल. बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने केलेल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या फारसी ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत ती आहे. आधी जयसिंहाने दिल्लीत जुन्या ग्रंथांबरहुकूम धातूची यंत्रं करवून घेतली, त्यात तीन गज व्यासाचं कड्यांचं एक यंत्रही होतं. पण वेध मनासारखे येईनात. राजा कारणं देतो: आकार लहान, त्यामुळे कलांच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) खुणा कोरता येत नाहीत, आस झिजतात आणि डुगडुगतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, यंत्राची पातळी ढळते. आमच्या कारखानी बोलीत, बोअर ओव्हल झाला, सेंटर गेलं, प्ले आला.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी सगळी जयपुरात, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या टूलरूमांत झाली. इथलं जंतर-मंतर, म्हणजे जयसिंहाची दगडी वेधशाळा, बघायला येणारे पाहुणे सावलीचे फोटो काढतात. मला मात्र त्या दगडांमागे एक वैतागलेला इन्स्पेक्टर दिसतो.

त्याने उपाय काढला तो जालीम होता. झिजणारा आसच नको! जयपूरच्या बृहत् सम्राट यंत्रात फिरणारं काही नाही. पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशी दगडी चढण, तिच्या दोन बाजूंना १५ मीटरहून जास्त त्रिज्येच्या चौथाई वर्तुळाच्या कमानी, आणि त्यांवर सरकणारी सावली. ती सेकंदाला साधारण १ मिलिमीटर चालते, म्हणून २ सेकंदांपर्यंतच्या खुणा कोरता आल्या. लहान आकाराची तक्रारही त्याच फटक्यात मिटली. (सूर्य म्हणजे काही टोकदार दिवा नव्हे, त्यामुळे सावलीची कड पुसट असते आणि शेवटची बारकाई बघणाऱ्याच्या नजरेवर राहते. पण तो दोष आसाचा नाही.)

धातू अगदी हद्दपार झाला असं नाही. चक्रयंत्राची कडी आजही तिथे आहेत आणि ती आसावरच फिरतात. दगडही आपोआप टिकत नाही. १९०१ साली महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या काळात लेफ्टनंट गॅरेट यांनी वेधशाळेची मोठी दुरुस्ती केली.

आस झिजू नये याचं दुसरं उत्तरही याच शहरात तयार झालं, पण त्याला दोनशेवर वर्षं लागली. १९४६ मध्ये बिर्लांनी इथे नॅशनल बेअरिंग कंपनी काढली, आजची नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज, म्हणजे दुकानात मागतो ते एनबीसी बेअरिंग. आस घासण्याऐवजी कडक पोलादी गोळ्यांवर फिरवायचा, हे तत्त्व सांगायला सोपं. पण गोळ्यांच्या मापात मायक्रॉनचा फरक पडला तरी बेअरिंग आवाज करू लागतं. या कंपनीला २०१० मध्ये गुणवत्तेचं जपानी डेमिंग पारितोषिक मिळालं, २०१५ मध्ये डेमिंग ग्रँड प्राइझ. २०१० मध्येच जंतर-मंतर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. योगायोग, पण मला आवडतो.

आणि याच शहरात मी घरच्या वर्कशॉपसाठी चाकांचं स्टूल मागवलं, स्वतः जोडायचं. खोक्यात पाच पायांचा तळ, गॅस सिलिंडर, गादी, पाच कॅस्टर आणि एक अ‍ॅलन की. गादीखालच्या पत्र्याची चार भोकं बोल्टांना जुळत नव्हती, दोन कानशीने वाढवावी लागली. तळ सरफेस प्लेटवर ठेवला तर एक चाक अधांतरी. खाली फीलर गेजची ०.८ मिलिमीटरची पाती सहज गेली. एक चाक उघडलं. बेअरिंग सोडाच, बुशसुद्धा नाही! पातळ पिन थेट प्लास्टिकच्या भोकात. महिन्याभरात भोक लांबट झालं आणि स्टूल व्हाइसपासून आपोआप दूर सरकायला लागलं. जयसिंहाची यादी जशीच्या तशी: आस झिजला, मध्य सरकला, पातळी ढळली.

‘स्वतः जोडा’ या प्रकारात माझा खरा आक्षेप इथे आहे. पूर्वी जोडणारा कारखान्यातच असे; भोक जुळलं नाही तर तो पत्रा परत फेकायचा आणि ड्रिलवाल्याला शिव्या द्यायचा. आता ते खोकं तपासणीविना गिऱ्हाइकाकडे येतं आणि दोष निघाला तर ‘जोडणी चुकली असेल’ असं ऐकून घ्यावं लागतं. राजाने निदान आपली यंत्रं स्वतः नापास केली होती.

मी चाकं बदलली, बेअरिंगवाली घेतली. ती स्टुलाच्या निम्म्या किमतीला पडली, पण आता ते डुलत नाही. तुम्ही घेणार असाल तर गादी दाबून बघत बसू नका. स्टूल उलटं करा, चाक बोटांत धरून आडवं हलवा. खडखडलं तर दुकानातच ठेवून या.